राजाच्या ताटातले कच्चे तांदूळ

मानाजीराजांना पिवळं पान हवं होतं. कुणा पाहुण्याने त्यांना पिवळा, मऊसूत विडा खिलवला आणि राजांचं मन हिरव्या पानावरून उडालं ते उडालंच.

"आमच्या मळ्यात यापुढे वेलीवर हिरवं पान दिसता कामा नये," त्यांनी फर्मावलं.

मळेकरी रखमाजी बिचारा काय करणार! त्याने वेलींवर काळी घोंगडी टाकली. पानं पिवळी झाली खरी, पण लगोलग गळायलाही लागली. राजे भडकले. "खत आहे, पाणी आहे, तरी वेली मरतात? पौर्णिमेपर्यंत वेल टवटवीत आणि पान पिवळं करून दाखव, नाहीतर मळा सोड."

तीन पिढ्या त्या मळ्यात राबलेल्या. रखमाजीने जेवणच टाकलं. त्याची लेक सगुणा मात्र गप्प बसली नाही. मागे एकदा टोपलीत विसरलेली पानं तिला आठवली. दारच्या वेलीची हिरवी पानं तोडून तिने ओल्या फडक्यात गुंडाळली, टोपलीत झाकून ठेवली आणि थेट राजवाडा गाठला.

"महाराज, पौर्णिमेचं जेवण माझ्या हातचं घ्या. वेलींचं दुखणं तेव्हाच सांगेन."

राजे खवय्ये. लगेच कबूल झाले!

पौर्णिमेला चांदीचं ताट आलं. त्यात कच्चे तांदूळ, कच्ची डाळ, अख्खं वांगं. शेजारी तांब्याभर पाणी.

"हे काय? चूल पेटली नाही?"

"मीच विझवली, महाराज. बाकी सगळं दिलंय की."

"मग आम्ही जेवायचं काय?"

"वेली तरी दुसरं काय विचारतात?" सगुणा म्हणाली. "पानातला हिरवेपणा म्हणजे त्यांच्या चुली. डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक, पण पानापानात भरलेल्या. ऊन हा त्यांचा विस्तव. मुळांनी पाणी आणायचं, पानांनी हवा ओढायची आणि त्या चुलींवर वेलीची साखर शिजायची. आपण घोंगडी टाकून चुलीच विझवल्या."

राजे वरमले, पण हट्ट सुटेना. "अन् आमचं पिवळं पान?"

सगुणाने घरून आणलेली टोपली उघडली. आत पिवळीधमक, मऊ पानं!

"ही हिरवीच तोडली होती, महाराज. मग अंधारात ठेवली. चूल विझवायचीच तर वेलीचं जेवण उरकल्यावर विझवावी."

राजे खदखदून हसले. घोंगडी त्याच दुपारी निघाली आणि मळा रखमाजीच्या नावे झाला.

"आता विडा लाव, पोरी," राजे म्हणाले. "पण त्याआधी आमची चूल पेटव!"