गोजराबाईचा वळसा

सावरखिंडीच्या शाळेकडे चढताना ही जी दगडी कमान लागते, तिच्याखाली बघा, कमरेएवढं गवत माजलंय. पायवाट तिला टाळून बाजूच्या ओढ्यातून, चिखल तुडवत वर जाते. पोरं असोत, मास्तर असोत की मतदानाला आलेली म्हातारी माणसं, कमानीतून कुणी जात नाही.

त्याची हकिकत साठेक वर्षांपूर्वीची, असं सांगतात. तेव्हा गावची शाळा कोंडवाड्यात भरायची. मोकाट गुरं धरून आणली की पोरांना उठवायचं, गुरं सुटली की शेण लोटून पुन्हा पाटी धरायची. गोजराबाई डुबल नावाची एक विधवा बाई होती. तिची हिरा रोज संध्याकाळी मुताचा वास घेऊन घरी यायची आणि बाई परकर धुता धुता म्हणायची, "पोर शाळंला जातीया का गोठ्यात राबाया?" शेवटी तिने माळावरचं आपलं एकुलतं खळं शाळेसाठी ग्रामपंचायतीला अंगठा देऊन टाकलं. त्यानंतर स्वतःची मळणी ती दुसऱ्याच्या खळ्यावर, त्यांची झाल्यावर, हाजी हाजी करून उरकायची.

तालुक्याहून दोन खोल्या मंजूर झाल्या. बाईला वाटलं, पांग फिटले. तेवढ्यात बातमी आली की उन्हाळ्यात कुणी बडे पुढारी गावात येणार. झालं, सरपंच दौलतरावांच्या अंगात आलं. खोल्या तोवर उभ्या राहायच्या नाहीत, कमान राहील, असा त्यांचा हिशोब. पण पैसा शाळेचा, कमानीला कसा लावायचा? म्हणून म्हणे पंचांनी ठरावात लिहिलं, 'शाळेचे प्रवेशद्वार'. भजी खाऊन ढेकर देत पाच जणांनी तेलकट हात वर केले. शाळाच नाही तर दार कशाचं, हे विचारायला त्यातल्या एकाचीही जीभ उचलली नाही. शिसारी येते ऐकताना. गोजराबाई दाराशी उकिडवी बसून सगळं ऐकत होती. तिला आत बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

पाहुणे आले, फीत कापली, कमानीतून पलीकडे गेले. पुढे मोकळं खळं आणि मधोमध बैल बांधायची मेढ.

"शाळा कुठंय?" त्यांनी विचारलं.

"होतीय साहेब," दौलतराव म्हणाले आणि निर्लज्जासारखे हसले.

तेव्हा गोजराबाईने हिराचा हात धरला, सगळ्यांदेखत ओढ्यात उतरली आणि चिखलातून खळ्यावर चढली. म्हणाली, "शाळंचं दार म्हणताय न्हवं? मग शाळा हुभी ऱ्हाईस्तवर मी ह्यातनं जायची न्हाई, माझं मढंबी जायचं न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून तिने हिराला खळ्यावरच बसवलं. बाकीच्या आयांनीही आपापली पोरं कोंडवाड्यातून काढून ओढ्याच्या वाटेने वर आणली. मास्तरही मुकाट्याने फळा घेऊन आले. पाऊस आला की बाई पोरांच्या डोक्यावर घोंगडं धरायची आणि स्वतः भिजायची. पंचायतीत दर वर्षी खोल्यांचा विषय निघायचा आणि पुढच्या वर्षावर जायचा. तिसऱ्या पावसाळ्यात बाईच्या छातीत कफ भरला आणि ती गेली.

मसणवट माळापलीकडे. दौलतराव लोकलाजेस्तव पुढे झाले आणि तिरडी कमानीतून न्यायला निघाले. पण कमानीशी येताच खांदेकऱ्यांचे पायच उचलेनात, असं म्हणतात. चार धट्टेकट्टे गडी, घामाघूम झाले. ओढ्याकडे वळले तशी तिरडी फुलासारखी हलकी झाली. त्या दिवसापासून गावाने कमान टाकली. तिच्याकडे बघून थुंकायलाही कुणी थांबेना. पुढच्याच वर्षी खोल्या झाल्या. बाई बापडी बघायला नव्हती.

आजही गाव तो वळसा पाळतं. शाळेत आता मोठ्या मुली आहेत, त्यांना संडास नाही, त्या दुपारी झुडपं शोधत हिंडतात. यंदाच्या अंदाजपत्रकात संडास पुढच्या वर्षावर गेला आणि कमानीला रंग व रोषणाई मंजूर झाली. एकमताने. ठराव मांडला सरपंचांनी, म्हणजे हिराच्या थोरल्या मुलाने, गोजराबाईच्या सख्ख्या नातवाने. परवा तो कमानीची मापं घ्यायला आला होता. आजीचा नेम मोडायचा नाही म्हणून चपला हातात घेऊन ओढ्यातून गेला.