छत्रीची शेपटी

"मग मला सांगा महाराज, दोष जर राखणदाराचा, तर मी थेंब का घालू?"

रेवणकर सर विचारत होते. विचारत कसले, फैलावर घेत होते! तीस वर्षं मेडिकल कॉलेजात रोगप्रतिकारशक्ती शिकवलेला माणूस. समोर आमचे सोमगीर महाराज, चौथी पास.

दोघांनाही काचबिंदू. महाराज सकाळ-संध्याकाळ न चुकता थेंब घालतात. सरांनी दोन महिने बंद केलेले. डावीकडची नजर अंधारत चाललेली. मुलगी शाल्मली रडून रडून थकली आणि शेवटी त्यांना आमच्या मठाच्या पायरीवर आणून सोडून गेली. त्याच पायरीला सर ठेचकाळले. वर म्हणतात, पायरीच चुकीची बांधलीय!

"कुठला राखणदार?" महाराजांनी विचारलं.

"आपल्या रक्तातला. जंतूंशी लढून लढून त्याला जंतूची खूण पाठ झालेली असते. डोळ्यात दाब वाढला की एरवी बंद असलेल्या वाटेने तो आत शिरतो. तिथे आपल्याच नसेवर तशीच खूण दिसते… आणि तुटून पडतो! असं असावं, असं नवं संशोधन म्हणतं. शंभर टक्के अजून कोणी सांगत नाही."

"तुम्ही सांगताय की."

सरांनी हात झटकला. "मुद्दा असा, थेंबांनी नुसता दाब उतरतो. राखणदार कुठे सुधारतो? मग चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला?"

संन्यासी गालातल्या गालात हसले. उठले, चाचपडत अंगणाच्या टोकाला गेले आणि परसाचं फाटक सताड उघडलं.

मी मठाचा स्वयंपाकी. माझ्या हातातली पळी खाली पडली.

परसात तीन कुत्रे आहेत. वानरं एक पपई शिल्लक ठेवत नाहीत, म्हणून पाळलेले. मागे शेपटीसारखं काही लोंबताना दिसलं की धरायचं, एवढंच त्यांना येतं. म्हणून आमच्याकडे कोणी धोतराचा सोगासुद्धा मागे सोडत नाही. आणि सरांनी काळी छत्री कॉलरला मागे अडकवलेली!

त्यातला भैऱ्या सुसाट आला आणि छत्रीला झोंबला. सर कधी हौदाच्या कठड्यावर चढले, ते त्यांनाही कळलं नसेल.

"आवरा याला! अहो, मी माणूस आहे!"

"मला माहीत आहे," महाराज म्हणाले. "त्याला सांगा."

टर्रर्र… छत्री फाटली. उरलेले दोघं पपईखालून धावत निघाले होते.

"फाटक! महाराज, आधी फाटक लावा!"

"फाटकाचा काय दोष, मास्तर? कुत्रा सुधारायला हवा."

"तो सावकाश सुधारा हो! आधी फाटक!"

महाराजांनी फाटक लावलं. मी भैऱ्याला भाकरी दाखवून पडवीत कोंडलं. हसू आवरत नव्हतं मला.

सर खाली उतरले. छत्रीच्या काड्या गोळा करून जुळवून बघू लागले.

"हिचं आता…"

"गेलं ते गेलं," महाराज म्हणाले.

सर काड्या हातात धरून हळूच म्हणाले, "शाल्मली डाव्या बाजूने आली की मला दिसत नाही. आवाज आला की मान वळवतो. तिला अजून सांगितलेलं नाही."

 हसल्याची लाज वाटली मला.

सरांनी खिशातून थेंबांची बाटली काढली. मुलीने ठेवलेली, सीलही न तोडलेलं. झाकण निघेना.

महाराजांनी ती घेतली, उघडली, आणि सरांची मान मागे टेकवली.

"हं. आधी कुठलं फाटक लावू? डावं की उजवं?"