टुक करणारे शंख

समुद्र गोडा होता तेव्हाची ही गोष्ट. खोटी वाटत असेल, तर तेव्हा चाखायला तुम्ही कुठं होतात?

गोम्या आणि भागू हे दोन खेकडे बाकीच्या खेकड्यांना राहायला शंख घडवून द्यायचे. गोम्यानं शंख गुळगुळीत केला की भागू त्याहून सडपातळ करायचा. मग गोम्यानं शंखालाच व्यवहार शिकवला. दुकानदाराच्या शंखाला आपला शंख टेकवायचा, टुक वाजलं की कोळंबी मिळाली. नांगी बाहेर काढायला नको. आठवड्यात भागूचेही शंख टुक करू लागले.

"भागूशेठ, नक्कल झकास जमली हो."

"नक्कल कसली? तुमच्यापेक्षा केसभर बारीक आहे."

केसभर, केसभर करता करता गिऱ्हाइकांचे पाय आत मावेनात. ती कुरकुरायची. पुढं कुरकुर थांबली. गोम्याला वाटलं, माल पसंत पडला. बाजारात दिवसभर टुक, टुक चालायचं. कोळंब्यांचे ढीग मात्र तसेच पडून वास मारत होते.

एका दुपारी सुंदराकाकू दुकानाशी आली.

"काकू, शंख बसतोय ना नीट?"

टुक.

गोम्यानं वाकून आत पाहिलं. आत कुणी नव्हतं. शेजारच्या शंखातही नव्हतं.

तो धावत भागूकडे गेला. "भागूशेठ, भांडण पुरे. शंख रुंद करू या."

भागूचा शंख सावकाश वळला.

टुक.

गोम्या घाबरून मागं सरला. त्याच्या पाठीवरचा शंख मात्र पुढं निघाला.