शेंड्यावरची दवंडी

माणसाने कुऱ्हाडीला दांडा बसवला नव्हता, तेव्हाची गोष्ट. रानातला ओढा कुठून वळवायचा, हे ठरवायला गरुडराजाला सल्लागार मंडळ नेमायचं होतं. दवंडीचं काम सुतारपक्ष्याकडे आलं. त्याने झाडाझाडाच्या शेंड्यावर चोचीने टकटक केली आणि फांद्याफांद्यांवर सभेचा निरोप दिला. पोपट आले, साळुंक्या आल्या, मोरही आला. एका उंच झाडाच्या शेंड्यावर मंडळ भरलं, आणि ओढा टेकडीच्या पायथ्याने न्यायचं एकमताने ठरलं.

सुतारपक्ष्याला एकदम आठवलं. पायथ्याशी तर सायाळबाईचं बीळ होतं, आणि बिळात तिची तान्ही पिल्लं! तो उडत तिच्या दारात गेला.

"बाई, दवंडी ऐकली नाहीत का?"

"टकटक ऐकली की. म्हटलं, भाऊ जेवतायत. तुमचं रोजचंच आहे ते."

सुतारपक्षी खजील झाला. "चुकलंच माझं. आता दारात येऊन सांगतोय, मंडळात या."

"येईन हो. पण सभा शेंड्यावर ना? मी चढू कशी?"

तो तडक गरुडाकडे गेला आणि घडलं ते सांगून मोकळा झाला. गरुड म्हणाला, "ओढ्याचं पुन्हा ठरवू. बोलाव सगळ्यांना."

तेव्हापासून रानाची सभा झाडाच्या बुंध्याशी भरते. खाली मातीत बसणं गरुडाला अजूनही जड जातं. पण बसतो.