अर्धा फुललेला कांचन

पूर्वी सोमवती नगरीवर वसुमान राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. त्या जन्मी त्याचे नाव सुतीर्थ.

राजवाड्याच्या बागेत एक कांचनवृक्ष होता. वसंतोत्सवात राणीने अळता लावलेले पाऊल त्याच्या खोडाला टेकवायचे आणि मग वृक्षाने फुलायचे, अशी तिथली रीत. पण उत्पला राणी होऊन आल्यापासून दोन वसंत कोरडे गेले. पुरोहिताने लगेच तिच्या पावलाला नावे ठेवली. यंदाही फूल आले नाही तर तिला कायमची माहेरी पाठवायचे ठरले. बिचारीने सामानसुद्धा बांधायला घेतले.

तिच्या जागी अमात्याची बहीण येणार, हेही दरबारात ठरल्यासारखेच होते. "तुम्ही फक्त गप्प राहा," पुरोहित सुतीर्थाच्या कानाशी लागला.

पण सुतीर्थाने खरा प्रकार पाहिला होता. लग्न झाल्यापासून राजाला बागकामाचा भारी नाद लागला होता. थंडी सरत आली की तो स्वतः शिडीवर चढे आणि राणीला आवडावा म्हणून कांचन छत्रीसारखा गोल कातरून काढी. कळ्या धरायच्या शेंड्यांना, आणि शेंडे पडायचे जमिनीवर. राजाची हौस पाहून माळ्यांची बोलायची छाती होत नव्हती.

यंदा राजा शिडीवर चढला, तेव्हा सुतीर्थ खाली येऊन उभा राहिला.

"महाराज, पूर्वेची बाजू यंदा तशीच राहू द्या."

"वेडेविद्रे दिसेल, अमात्य. लोक हसतील."

"हसू द्या. माझे नाव सांगा."

राजाने कुरकुरत अर्धे झाड सोडले.

उत्सवात राणीने भीतभीत पाऊल टेकवले. थोड्याच दिवसांत पूर्वेची बाजू गुलाबी फुलांनी अशी लगडली की फांदी दिसेना. पश्चिमेची बाजू मात्र गोल, नीटनेटकी आणि बोडकी. लोक खरोखरच हसले. राजा बराच वेळ झाडाभोवती फिरला आणि मग राणीपुढे येऊन म्हणाला, "कात्री माझी आणि बोल तुझ्या पावलाला. मला क्षमा कर."

"कातरायचेच तर बहर ओसरल्यावर, महाराज," सुतीर्थ म्हणाला.

"तोवर शिडी माझ्याकडे," राणी म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

ही पूर्वजन्मीची गोष्ट सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्खूंनो, तो हौशी राजा म्हणजे या जन्मी विहारातले रोपटे रुजले का ते रोज उपटून पाहणारा आपला भिक्खू बिंदुल. उत्पला म्हणजे ते रोपटे पुन्हा पुन्हा लावणारी उपासिका चित्रा, आणि अमात्य मीच होतो. बहिणीचे राणीपद हातचे जात असताना त्याने खरे ते पुढे आणले, तेही कोणाला न दुखावता. तीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."