रिकाम्या हंड्यावरचे ठोके

फार फार पूर्वीची गोष्ट. साल विचाराल तर मलाही ठाऊक नाही. एका गावात एक तांबट आणि एक कुंभार भिंतीला भिंत लावून राहत.

तांबट हाताचा कसबी, पण स्वभावाने भारी मिरवणारा. हंडे-कळशा ठोकून-ठोकून मठारू लागला की त्याचा हातोडा वेशीपर्यंत ऐकू जाई. काम नसलं तरी स्वारी गप्प बसत नसे. रिकामा हंडा पुढ्यात घेऊन उगाच ठण्‌ठण्‌ ठोकत राही. गिऱ्हाइकाला वाटायला हवं ना, दुकान जोरात चालू आहे!

पुढे त्याच्या लेकीचं लग्न निघालं. घर तांब्या-पितळेने भरलेलं, पण वैशाखात वऱ्हाडाला गार पाणी हवं ते मातीच्या रांजणातलंच. तांबटाने शेजारून मोठा रांजण आणला आणि काठोकाठ भरला. पंगत बसली आणि पाहतात तो काय, रांजण तळाशी चिरलेला, पाणी सगळं अंगणात! व्याही म्हणाले, "साध्या पाण्याचीही सोय नाही होय?" तांबटाची मान खाली गेली.

लेकीची पाठवणी झाली, तसा तो तणतणत शेजारी गेला.

"चिरका रांजण माझ्या गळ्यात मारलास? हाच का तुझा शेजारधर्म?"

कुंभार सामान बांधत होता. बायको कोपऱ्यात डोळे पुसत होती.

"चुकलंच माझं, दादा," कुंभार म्हणाला. "मडकी भाजून झाली, आवा उघडला की मी एकेका मडक्याला टिचकी मारून कान देतो. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर चिरलेलं. पण तुमच्या ठोक्यांत टिचकी ऐकूच येत नाही. अंदाजाने विकत गेलो. आता माझं मडकं कुणी घेत नाही, म्हणून गाव सोडतोय."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"कसा बोलू? तुमचा संसार त्या हातोड्यावर चालतो. तुमच्या पोटावर पाय कसा देऊ?"

निम्मे ठोके पोटासाठी नव्हतेच, हे तांबटाशिवाय कुणाला माहीत होतं? भांडायला आलेला माणूस मटकन उंबऱ्यावर बसला.

"कुठे जायचं नाही तू," तो म्हणाला. "अरे, रिकामा हंडा बडवत होतो मी, नुसत्या मिरवण्यापायी. ते आजपासून बंद. आणि तुझा आवा उघडेल त्या दिवशी मी कल्हई करीन, चिंच लावून भांडी घाशीन. हातोड्याला हात लावणार नाही."

बोलल्याप्रमाणे तो वागला. सुरुवातीला हात शिवशिवत, पण तो स्वतःला आवरी. गिऱ्हाईक तुटेल ही भीतीही फुकाचीच ठरली. उलट, आता दुकानात धड बोलता येतं म्हणून बायका चार घटका टेकू लागल्या आणि जाताना कळशी घेऊन जाऊ लागल्या.

कुंभाराने चाक पुन्हा मांडलं. आवा उघडला, की चिरलेली मडकी तो टिचकीसरशी बाजूला काढी. हळूहळू लोकांचा विश्वास परतला आणि त्याची चूल पुन्हा पेटती राहिली.

म्हणून सांगतो, ज्या आवाजावाचून आपलं काही अडत नाही, त्यापायी दुसऱ्याचं जगणं अडू देऊ नये.