देवाच्या फळीवरचा वायरलेस

होड्यांवर नुकतीच इंजिनं आली होती, त्या काळातली गोष्ट. जोमा तांडेलाच्या बोटीत सुकाणूसमोर देवाची फळी होती आणि तसबिरीशेजारी जुनं होकायंत्र. तांडेलानं नवा वायरलेस आणला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मानानं होकायंत्राला खेटूनच बसवला.

"मला पन्नास मैलांवरचा माणूस ऐकू येतो," वायरलेस म्हणाला.  होकायंत्राची सुई मात्र वायरलेसकडे कलली होती.

तिसऱ्या दिवशी दाट धुकं उतरलं. सुईच्या भरवशावर बोट बंदराकडे निघाली आणि अचानक समोरच खडकांवर लाटा फुटताना ऐकू आल्या. तांडेलानं घाईघाईनं इंजिन थांबवलं.

"तू चुकलंस कसं?" वायरलेस घाबरून म्हणाला.

"तुझ्या भोंग्यात लोहचुंबक आहे," होकायंत्र म्हणालं. "तू शेजारी असलास की मला दुसरी हाक कळत नाही."

"कुणाची हाक?"

"कोण जाणे. तिला आवाज नाही. पण मला घडवलं तेव्हापासून ती एकदाही थांबलेली नाही."

 वायरलेस म्हणाला, "तांडेल, मला इथून हलवा."

"अरे, मानाची जागा हाय ती!"

"म्हणूनच."

जोमानं पेच सोडले आणि त्याला पार दुसऱ्या टोकाला नेलं. सुई थरथरली, आणि त्या पांढऱ्या धुक्यात, कुणालाच न दिसणाऱ्या उत्तरेकडे सावकाश वळली. तांडेलाचे हात आपोआप जोडले गेले.

बंदरातून कुणीतरी वायरलेसवर मोठ्यानं बोलत होतं. वायरलेसनं आपला आवाज आपणच बारीक केला.